बूचकाकांनी बुजवलेली भोकं

गल्लीत त्यांना तोंडावर सगळे सुतारकाका म्हणत, आणि ते वळणाआड झाले की बूचकाका म्हणत. नाव ज्यानं पाडलं त्यानं अगदी मापात पाडलं होतं. या माणसाला कुठं भोक दिसलं की चैन पडत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हातात कप आणि डोळे दाराच्या चौकटीवर. "तुमच्या बिजागरीपाशी बोट जाईल एवढी फट आहे हो," म्हणायचे, आणि पिशवीतून फटी भरायच्या लांबीचा गोळा काढून ती भरूनच उठायचे. घरच्या बाईनं तोवर चहा दोनदा गरम करायचा. फटीतून वारा येतो, वाऱ्यामागून धूळ, धुळीमागून झुरळ, झुरळामागून पाल, आणि मग माणसानं राहायचं कुठं, असं त्यांचं म्हणणं.

"एक दिवस झोपेत माझ्या नाकाला बूच माराल," काकू म्हणायच्या.

"घोरणं तरी थांबेल," काका म्हणायचे.

हात मात्र सोन्याचा. पंचेचाळीस वर्षं रंधा चालवला, पण त्यांनी केलेल्या कपाटाचं दार चिकटतंय म्हणून कुणी परत आलं नाही. दार लावलं की फटीत कागद जात नसे. एकच खोड होती, कुणाला काही विचारायचं नाही. लहानपणी बापानं कामाला बसवलं तेव्हा एकदा "हे कसं करू?" म्हणून विचारलं होतं, तर बापानं हातातला काटकोन मापायचा लोखंडी गुण्या फेकून मारला. कपाळावर खूण होती अजून. तेव्हापासून विचारणं बंद. बघायचं, हात लावायचा आणि आपलं आपण कळून घ्यायचं. लाकडाच्या बाबतीत ते निभावलं. लाकूड बिचारं सरळ, पोटात काही ठेवत नाही. चुकलात तर लगेच चिरतं नि सांगतं.

त्यांना एकच मुलगी. तिचा नवरा कचेरीत कारकून, बोलणं हळू, आणि बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. तो पुसून होईतो समोरच्याचं बोलून झालेलं असायचं. सासऱ्यापुढं तर पुसणं फारच चालायचं. आणि त्या दोघांची पाच वर्षांची ठकी. काकांनी जगात कुणाचं ऐकलं असेल तर ते ठकीचं.

तर या जावयानं एक जुनी व्हॅन विकत आणली. आत निजायला पलंग, रांधायला ओटा, बसायला बाक, भिंतीला कपाटं, सगळं ठोकून बसवलेलं. चाकांवरचं घरच ते. एका म्हातारीकडून घेतली होती. तिच्या नवऱ्यानं ते आतलं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं. तो गेल्यावर गाडी चार वर्षं झाडाखाली उभी होती. किल्ली देताना म्हातारीनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या माणसानं यात उगाच म्हणून काही केलेलं नाही," एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

सुट्टीत डोंगरावरच्या तळ्याकाठी आठ दिवस जाऊन राहायचं, असा तिघांचा बेत होता. पण गाडीत पाय ठेवला की जमीन स्पंजासारखी दबायची. पाणी मुरून खालचं प्लाय कुजलं होतं. ते बदलायचं तर वरचं सगळं घर आधी उचलायला हवं.

"दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका," काका म्हणाले. "माझी नात निजणार आहे त्यात."

मागच्या अंगणात गाडी लावली आणि काका आत शिरले. बसवलेलं सामान काढायची त्यांची एक रीत होती. जे शेवटी बसलं ते आधी निघणार. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूनं आकडा घालायचा, त्या फळीचे स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून तिलाच चिकटवायचे, आणि सामान गाडीत होतं त्याच जागी, त्याच तोंडानं अंगणात मांडायचं. आधी वरची कपाटं उतरली, मग पलंगाच्या फळ्या, मग बाक, सगळ्यात शेवटी ओटा आणि त्याच्याखालचं गॅसच्या टाकीचं कपाट. टाकी जावयानं आधीच सोडवून ओसरीवर ठेवली होती. ओट्यामागून रबरी नळी लोंबत राहिली, सापाच्या कातेसारखी.

तिसऱ्या दिवशी अंगणात अख्खं घर उभं राहिलं, फक्त भिंती आणि छप्पर तेवढं नाही. ठकी त्या पलंगावर लोळली. काकू भाजी निवडायला म्हणून बाकावर बसल्या आणि लगेच उठल्या.

"काय झालं?"

"काही नाही. घरातली माणसं उचलून नेल्यासारखं वाटतं हो हे."

"तू भाजी निवड," काका म्हणाले.

कुजलेलं प्लाय खरवडून निघालं तेव्हा खालच्या पत्र्यात भोकं दिसली. मनगट जाईल एवढी, गोल, कडेला घासून साफ केलेली, खालून बारीक जाळी लावलेली. दोन गॅसच्या कपाटाखाली आणि एक ओट्याखाली. गंजून पडलेली नव्हती, कुणीतरी मुद्दाम पाडलेली होती. काका गुडघ्यावर बसून बघत राहिले. भोकातून खालचं गवत दिसत होतं. गवताचं एक पातं जाळीतून वर आलं होतं आणि वारा नसताना हलत होतं.

जावई दारात उभे होते. त्यांनी चष्मा पुसला.

"बाबा, ही कशाला असतील?"

"कशाला म्हणजे? जुन्या मोरीचा पाइप गेला असेल. पाइप काढला नि भोक तसंच ठेवलं. आळशी माणूस."

"पण ही बघा." कपाटाच्या मागच्या फळीवर लाल पेन्सिलनं एक बाण काढलेला होता, खाली तोंड केलेला, तीन-तीनदा गिरवलेला.

"फळीची खालची बाजू कुठली, त्याची खूण आहे ती. आम्ही सगळे सुतार करतो."

"बाण भोकाशीच संपतोय पण. कोपऱ्यावरच्या शेगडीवाल्याला एकदा विचारू या का?"

"शेगडीवाल्याला?" काका हसले. "त्याला लाकडातलं काय कळतं? त्याच्या दुकानाचं दार मी तीनदा सरळ करून दिलंय. या भोकांतून रात्री थंडी येईल जावईबापू, उंदीर येतील. माझी ठकी कुडकुडेल. तुम्ही पान्हा द्या तो इकडं."

जावयानं पान्हा दिला.

काकांनी ती भोकं अशी बुजवली की बघणाऱ्यानं हात लावून बघावं. जाळी काढली. पत्र्यात चपखल बसतील अशा प्लायच्या तीन चकत्या कापल्या, सरस लावून ठोकून बसवल्या, कडेनं लांबी भरली, वरून रबराचा तुकडा चिकटवला. मग नवीन प्लाय टाकलं. दाराच्या कडेला गोल रबरी पट्टी लावली. खिडक्यांच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं. दार लावून आत बसले तेव्हा बाहेर ठकी ओरडत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. काकांना फार समाधान वाटलं.

मग आकड्यांच्या उलट्या क्रमानं एकेक जागेवर. पण ओटा भिंतीपासून अर्धं बोट पुढं राहिला. मागं काहीतरी अडत होतं, मऊसर. दुसऱ्या कुणी असतं तर ओटा काढून बघितलं असतं. काकांनी पाठ लावली, पाय समोरच्या बाकाला टेकवले आणि रेटा दिला. ओटा सरकला आणि भिंतीला टेकला. फट उरली नाही.

ठकीसाठी त्यांनी एक नवीन वस्तू केली. मोठ्यांच्या पलंगाखाली खणासारखी ओढून काढायची छोटीशी खाट. जमिनीपासून वीतभर उंच, चहूकडून कठडा, म्हणजे झोपेत पडायची भीती नाही. तिला पॉलिशचे तीन हात दिले. काकूंनी तिच्या मापाची गादी शिवली.

"विहिरीत निजल्यासारखं वाटतं," ठकी आत आडवी पडून म्हणाली.

"काय गं हे बोलणं!" काकू म्हणाल्या.

निघायच्या सकाळी काकांनी टाकी जोडून शेगडी पेटवून दाखवली. दारं सताड उघडी होती, सगळी अंगणात उभी. निळी ज्योत आली. काकांनी शेगडीचं बटण बंद केलं.

"टाकी वरून बंद करू का?" जावयानं विचारलं.

"बटण बंद आहे ना? मग कशाला? दर वेळी कपाटात डोकं घालत बसणार का?"

जावयानं चष्मा पुसला आणि गाडी सुरू केली. मागच्या काचेतून ठकी हात हलवत होती. काचेमागं तिचा चेहरा जरा निळसर दिसला. काकूंनी तसं बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, काचेचा रंग आहे तो.

अकराच्या सुमाराला मुलीचा फोन आला, डोंगराच्या पायथ्याच्या गावातून. वर फोन लागत नाही, म्हणून आत्ताच करून घेते म्हणाली. काकूंनी घेतला.

"बाबांना सांग, पॉलिशचा वास काही केल्या जात नाहीये. डोकं नुसतं धरलंय माझं. पुढच्या काचा उघड्या आहेत म्हणून बरं."

"आणि ठकी?"

"ती आपल्या खाटेत. निघाल्यापासून झोपलीय. डबा खायला उठवली तर डोळे उघडेना. फारच आवडलेली दिसतेय खाट."

काकूंनी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना फक्त पॉलिशचं लागलं. "माझ्या पॉलिशनं आजवर कुणाचं डोकं दुखलं नाही," म्हणाले, आणि जेवताना दोनदा तेच म्हणाले.

जेवून हात धुताहेत तोच शेगडीवाला आला. त्याला हत्यारांसाठी पेटी करून हवी होती. बुटका, बडबड्या माणूस, काकांना दादा म्हणायचा. काकांना गाडीचं सांगितल्याशिवाय राहवेना. फळ्यांचे आकडे, खाट, पट्ट्या, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "आणि त्या शहाण्यानं तळाला तीन भोकं पाडून ठेवली होती. गॅसच्या कपाटात! अशी मारली बुचं की मुंगी जायची नाही."

शेगडीवाल्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"जाळी होती का भोकांना?"

"होती."

"दादा," तो हळू म्हणाला, आणि हा माणूस हळू बोललेला काकांनी कधी ऐकला नव्हता. "हा टाकीतला गॅस धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळाला साठतो. म्हणून ती भोकं. कुठं गळला तर गाडीखाली पडून जावा. तुम्ही मोरीचं तोंड बंद केलंत."

"पण गळेल कशाला? नळी तर..." काका बोलता बोलता थांबले. पाठीला तो मऊ अडसर आठवला आणि आपण दिलेला रेटा.

"ओटा बसताना नळी दबली बिबली नाही ना?"

काकांचा हात स्वतःच्या पाठीकडे गेला.

"टाकी बंद करून गेलेत ना?"

काकूंच्या हातातलं ताट खाली पडलं. "अहो, वास येतोय म्हणाली. पॉलिशचा म्हणाली."

"खाली कोण निजतं?" शेगडीवाल्यानं विचारलं. "सगळ्यात खाली?"

काकांनी वीतभर उंची हातानं दाखवली.

फोन लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. शेगडीवाल्याचा छोटा टेम्पो होता. त्यात दोघं बसले. काकांनी सवयीनं हत्यारांची पिशवी उचलली होती आणि पायांत घरातल्या सपाता तशाच होत्या. काकू फाटकापर्यंत पळत आल्या. "ठकीला घेऊनच या," म्हणाल्या, आणि मग आपण हे काय बोललो म्हणून त्यांनीच तोंडावर हात धरला.

दोन तासांची वाट. शेगडीवाला वळणावळणाला भोंगा वाजवत टेम्पो पळवत होता. काकांनीच मध्ये विचारलं, "किती वेळ लागतो?"

"कशाला?"

"साठायला."

"ते गळतीवर आहे दादा. गाडीत फटी असल्या तर बराच निघूनही जातो."

फटी. काकांनी डोळे मिटले. दाराची पट्टी, खिडक्यांचं सिलिकॉन, सगळं त्यांना एकेक करून दिसलं. एवढं चोख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"वास आला की माणूस दार उघडतोच," शेगडीवाला म्हणाला. "उघडतोच हो."

"पॉलिशचा समजला तर?"

त्यानं गिअर बदलला. टेम्पो चढाला लागला.

तळं दिसलं तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. वर वारा गार आणि जोराचा. पलीकडच्या काठावर व्हॅन उभी होती. दार लावलेलं, खिडक्या लावलेल्या, काकूंनी शिवलेले पडदे ओढलेले. बाहेर कुणी नाही. टेम्पो काठाच्या चिखलात रुतला तसे काका उतरून पळत सुटले. त्या वयात, सपाता घालून.

मग जावई दिसले. ते पाण्याकाठी वाकून किटली भरत होते. उभे राहिले आणि गाडीकडे चालू लागले.

"जावईबापू!" काका ओरडले. वारा समोरून येत होता, आवाज परत त्यांच्याच तोंडात गेला. "चहा नका करू! पेटवू नका!"

जावयानं वळून पाहिलं. लांबून सासरे पळत येताना बघून त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. त्यांनी चष्मा सावरला, हात वर करून हलवला, बहुतेक हसलेही. मग दार उघडून आत गेले आणि गार वारा येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

उरलेली पन्नास पावलं काका कशी पळाले ते त्यांना नंतर कधीही सांगता आलं नाही. दाराची कडी ओढली. पट्टी इतकी घट्ट बसली होती की पहिल्या हिसक्याला दार उघडलं नाही. दुसऱ्याला उघडलं. आतला वास तोंडावर आपटला. जावई ओट्यापाशी उभे होते, एका हातात किटली, दुसऱ्यात लायटर, आणि अंगठा लायटरच्या खटक्यावर. "बाबा, तुम्ही इथं? हिचं डोकं फार दुखतंय म्हणून म्हटलं जरा चहा..."

काकांनी त्यांचं मनगट धरलं. पंचेचाळीस वर्षं रंधा धरलेली मूठ ती. जावयाची बोटं आपोआप उघडली, आणि लायटर काकांनी दाराबाहेर गवतात भिरकावला.

मुलगी वरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला हाक मारली तर "हं" म्हणाली. जावयानं तिला धरून उतरवलं. काका खाली गुडघ्यांवर बसले. खाट अर्धी आत सरकलेली होती. त्यांनी ती ओढली. खण अगदी अलगद सरकला, आवाजसुद्धा झाला नाही. ठकी कुशीवर होती, ओठांना रंग नव्हता, आणि उचललं तर मान मागं गेली.

त्यांनी तिला बाहेर वाऱ्यात नेलं. गवतात बसून मांडीवर घेतलं. "ठके. ए ठके. ऊठ बघू." ती उठेना. त्यांनी गाल थोपटले, मग जरा जोरानं. शेगडीवाला तोवर टाकी बंद करून, सोडवून, लांब नेऊन आला होता. त्यानं तळ्याचं पाणी ओंजळीनं तिच्या तोंडावर मारलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पोरीच्या पोटात एक उमाळा आला, ती ओकली, सगळं काकांच्या सदऱ्यावर, आणि भोकाड पसरून रडायला लागली. "आजोबा, डोकं!" म्हणून रडत होती. रड, काका म्हणत होते, रड, आणखी रड.

मुलगी गवतावर बसून नुसती बघत होती. "बाबा, काय झालं हे?"

शेगडीवाल्यानं काकांकडे पाहिलं. मन मोठं त्याचं. "जुनी नळी होती हो ताई," तो म्हणाला. "सडली असेल. रबराचा काय भरवसा."

काकांनी ठकीचं तोंड आपल्या सदऱ्याच्या कोरड्या बाजूनं पुसलं.

"नळी सडली नव्हती," ते म्हणाले. "मी दाबली. आणि गॅस जायची वाट मीच बुजवली. बाण काढून ठेवला होता त्या माणसानं."

मुलीनं हात पुढं केले आणि ठकीला त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं.

दोघींना टेम्पोत घालून शेगडीवाला पायथ्याच्या गावातल्या डॉक्टरकडे निघाला. चाक चिखलातून काढायला जावई आणि काका दोघांनी खांदा लावला. टेम्पोत तिघांपेक्षा जास्त मावत नव्हतं, म्हणून ते दोघं मागून व्हॅन घेऊन येणार होते. गाडीची सगळी दारं-खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. वारा आरपार जात होता. तरी शेगडीवाल्यानं सांगितलं होतं, तासभर थांबा, ती भोकं आधी मोकळी करा, मगच किल्ली फिरवा. तास झाल्यावर काका पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन आत पालथे पडले. नवीन प्लाय कापलं. चकत्यांना हात घातला. स्वतःचंच काम ते, सुटता सुटेना. सरस पक्का वाळला होता. एकेक चकती कपच्या कपच्या करून काढावी लागली. जावई बाजूला उकिडवे बसून कपच्या गोळा करत होते. ओटा त्यांनी मिळून ओढला तेव्हा मागं नळी दिसली, चपटी झालेली, आणि घडीवर नखाएवढी चीर.

उतारावर गाडी लागली. जावई चालवत होते, काका शेजारी हात मांडीवर ठेवून. हातांना अजून सरसाचा वास होता. खालच्या वळणावर टेम्पो दिसला आणि पुन्हा झाडांत गेला.

"तुम्ही म्हणाला होतात, विचारू या म्हणून," काका म्हणाले. "दोनदा बोललात. भोकांच्या वेळी आणि टाकीच्या वेळी. मी ऐकलं नाही."

जावयाचे दोन्ही हात चाकावर होते, चष्मा पुसता येत नव्हता. काचा धुरकट झाल्या होत्या.

"तिसऱ्यांदाही म्हणणार होतो, बाबा," ते म्हणाले. "सकाळी वाटेत, वास आला तेव्हा. गाडी थांबवून तुम्हाला फोन करणार होतो. म्हटलं, तुमच्या कामाला नावं ठेवल्यासारखं होईल. तुम्हाला राग येईल."

काकांचा हात कपाळावरच्या खुणेकडे गेला.

"पुढं वळण आहे," जावई म्हणाले. "धरून बसा."

काकांनी धरलं.